बोर्ड कुठं थांबला, ते आधी ऐक

राजा, घरातले फोटो, कागदपत्रं आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची म्हणतोस, ते मला मनापासून पटलं. त्यासाठी एआरएम प्रोसेसरचा तळहाताएवढा बोर्ड घ्यायचं ठरवलंस, तेही योग्य. असा बोर्ड सरासरी ५ वॉट खातो असं धर. वर्षभर दिवसरात्र चालला तरी ४४ युनिटांत भागतं. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप तेवढाच वेळ चालू ठेवलास तर सव्वापाचशे युनिट होतात.

पण डेस्कटॉपवर लिनक्स घातलं आहेस म्हणून इथंही तसंच जमेल असं धरू नकोस. डेस्कटॉपमध्ये बायोस किंवा यूईएफआय असतं. ते स्क्रीनवर काहीतरी दाखवतं, डिस्का शोधतं, कुठून सुरू होऊ म्हणून विचारतं. या छोट्या बोर्डांपैकी बहुतेकांत तसं कुणी नसतं, आणि सर्व्हर म्हणून ठेवलेल्या बोर्डाला स्क्रीनही नसते. वीज दिली, दिवा लागला, पुढं सगळं गप्प. मग माणूस घाबरून कार्ड पुन्हा लिहितो, दुसरी इमेज उतरवतो, चार्जर बदलतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या की मुळात काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

मी नोकरीभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. तिथली शिस्त अशी की तक्रार आली की आधी लाइनवर काय ऐकू येतं ते पाहायचं, हत्यार नंतर उचलायचं. तुलाही तेच सांगते. बोर्ड कोणत्या क्रमानं जागा होतो तो क्रम पाठ कर, आणि तो कुठल्या पायरीवर थांबला हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस. पुढचं सगळं यातूनच निघतं.

१. क्रम पाठ कर

चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूटरॉम म्हणतात. तो पुसता येत नाही, बदलता येत नाही. वीज मिळाली की पहिला तोच चालतो. बहुतेक चिपांच्या बूटरॉमला फाइल, फोल्डर काही कळत नाही; कार्डावरची एक ठरलेली जागा तेवढी त्याला माहीत असते. ऑलविनरच्या चिपा कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइटांवर पाहतात, रॉकचिपच्या ३२ किलोबाइटांवर. तिथं पुढचा प्रोग्रॅम सापडला तर तो उचलायचा, नाही सापडला तर दुसऱ्या ठिकाणी पाहायचं, एवढंच त्याचं काम.

हा पुढचा प्रोग्रॅम म्हणजे एसपीएल. तो अगदी लहान असतो, कारण तोवर बोर्डाची रॅम जागी झालेली नसते. चिपच्या पोटातल्या जेमतेम जागेत मावून त्यालाच रॅम सुरू करायची असते. रॅम सुरू झाली की ६४ बिटी चिपांवर ट्रस्टेड फर्मवेअर नावाचा तुकडा जागेवर बसतो आणि मग मोठा बूटलोडर येतो. बहुतेक बोर्डांवर तो यू-बूट असतो. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी सुरू केलेल्या कामातून तो घडला आणि २००२ पासून या नावानं ओळखला जातो. यू-बूट तीन वस्तू रॅममध्ये आणतो: कर्नल, बोर्डाचं वर्णन असलेली डिव्हाइस ट्री आणि सुरुवातीची छोटी फाइल सिस्टीम. मग तो कर्नलला पुढं करून बाजूला होतो. कर्नल रूट फाइल सिस्टीम शोधतो, सिस्टमडी सेवा सुरू करतं, नेटवर्क येतं आणि शेवटी एसएसएच दार उघडतं. पालखी पुढं जाताना भोई बदलत जातात तसंच हे आहे. पालखी थांबली की सगळ्यांना दोष द्यायचा नसतो, कुठल्या वळणावर कुणाचा खांदा लागला नाही ते पाहायचं.

रास्पबेरी पायचा क्रम थोडा वेगळा. तिथं आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो आणि तो मुख्य प्रोसेसरला उठवतो. पहिल्या तीन पिढ्यांत चिपला कार्डावरचं फॅट पार्टिशन वाचता येतं आणि ती तिथून बूटकोड नावाची फाइल घेते. २०१९च्या पाय ४पासून तो तुकडा बोर्डावरच्याच एका छोट्या ईईप्रॉममध्ये गेला. पाय ५मध्ये त्यापुढची स्टार्ट फाइलही त्याच चिपमध्ये आहे. पण सगळ्या पिढ्यांत सेटिंगच्या फाइली कार्डाच्या फॅट पार्टिशनवर साध्या मजकुरात असतात. कार्ड काढून कुठल्याही लॅपटॉपवर, अगदी विंडोजवरसुद्धा, त्या दुरुस्त करता येतात. शिकायला पाय बरा, तो यासाठी.

या क्रमातून तीन गोष्टी गाठीशी बांध. पहिली, कार्डावर नुसत्या फाइली कॉपी करून ऑलविनर किंवा रॉकचिपचा बोर्ड उठत नाही. इमेज पहिल्या सेक्टरपासून जशीच्या तशी लिहावी लागते. दुसरी, अशा कार्डाची पार्टिशनं पुन्हा पाडायची झाली तर सुरुवातीचे १६ मेगाबाइट मोकळे सोड. पार्टिशनच्या तक्त्यात ती जागा रिकामी दिसते, पण बूटलोडर तिथंच बसलेला असतो. तिसरी, सगळ्या चिपा एकाच क्रमानं शोध घेत नाहीत. ऑलविनर आधी कार्ड पाहतो, म्हणून चांगलं कार्ड घातलं की तो सहसा उठतोच. रॉकचिपची आरके३३९९ मात्र आधी एसपीआय फ्लॅश, मग ईएमएमसी आणि शेवटी कार्ड पाहते. नवं कार्ड घालूनही जुनीच प्रणाली वर येत असेल तर कार्डाला दोष देऊ नकोस. आतल्या फ्लॅशमध्ये जुना बूटलोडर बसला आहे का ते पाहा.

२. इमेज बोर्डाच्या नावानं निवड

"चिप तीच आहे, चालेल" असं म्हणू नकोस. पीसीमध्ये पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणं स्वतःची ओळख सांगतात आणि उरलेलं फर्मवेअर सांगतं. एआरएम चिपच्या आतली उपकरणं मात्र ठरावीक पत्त्यांवर गप्प बसलेली असतात. कुठल्या पत्त्यावर इथरनेट आहे, कुठल्या पिनेवर दिवा आहे, कुठला रेग्युलेटर कार्डाला वीज देतो, हे कर्नलला कुणीतरी सांगावं लागतं. पूर्वी प्रत्येक बोर्डासाठी ही माहिती कर्नलमध्येच सी भाषेत लिहिलेली असे. ती इतकी साचली की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमच्या दुनियेत डिव्हाइस ट्री वेगानं रुजली. आता कर्नल सामाईक असतो, वर्णनाची फाइल बोर्डागणिक वेगळी. चुकीच्या बोर्डाची डिव्हाइस ट्री दिलीस तर प्रणाली उठेलही, पण इथरनेट मेलेलं असेल किंवा डिस्क दिसणार नाही. असा अर्धवट उठलेला बोर्ड फार दमवतो.

डेबियनची तीन नावंही नीट ओळख. आर्मेल ही जुन्या, दशांशाची गणितं करणारा वेगळा भाग नसलेल्या प्रोसेसरांसाठी. २००९ साली आलेल्या शीवाप्लगसारख्या भिंतीत खोचायच्या सर्व्हरांवर हीच चाले. आर्मएचएफ ही एआरएमव्ही७पासून पुढं. आर्म६४ ही ६४ बिटी, आणि डेबियनमध्ये ती २०१५च्या आठव्या आवृत्तीपासून अधिकृत आहे. पहिला रास्पबेरी पाय आणि पहिला पाय झीरो मध्येच पडतात: प्रोसेसर एआरएमव्ही६चा, पण दशांशाची सोय असलेला. डेबियनची आर्मएचएफ त्यांच्यावर चालत नाही, म्हणूनच २०१२ मध्ये रास्पबियन वेगळी बांधावी लागली. कपाटातला जुना पाय काढून त्याला कामाला लावायचा झाला तर हे आठव.

बोर्डाच्या पेटीवरचं पूर्ण नाव आणि आवृत्ती वाच. त्याच नावाची इमेज डेबियन, आर्मबियन किंवा रास्पबेरी पाय ओएसकडं आहे का पाहा. नसेल आणि फक्त बनवणाऱ्या कंपनीची जुन्या कर्नलची इमेज असेल, तर तो बोर्ड सर्व्हरसाठी घेऊ नकोस. सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं मिळत राहणं हे वेगापेक्षा मोठं. आणि सर्व्हरला डेस्कटॉपची इमेज लागत नाही. लहान, नुसत्या टर्मिनलची घे.

३. वीज पुरेशी आहे याची खात्री कर

न समजणाऱ्या बिघाडांत मला सर्वाधिक वेळा कारण विजेचं सापडलं आहे. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो, पण ते त्याच्या तोंडाशी. केबलमध्ये ०.२ ओहम विरोध असेल आणि बोर्डानं ३ अँपिअर ओढले तर ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. बोर्डाला मिळतात ४.४. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टांच्या आसपास कमी विजेची तक्रार नोंदवतो. अशा वेळी बोर्ड पूर्ण बंद पडत नाही. डिस्क मध्येच गायब होते, कार्डावर चुकीचं लिहिलं जातं, आणि तू सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतोस.

म्हणून बोर्डासाठीच बनवलेला अडॅप्टर घे. पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. पायचे अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतात, ते केबलमधली घट धरूनच. केबल आखूड आणि जाड ठेव. पायवर व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेला गेट-थ्रॉटल्ड विचार. उत्तर निव्वळ शून्य आलं तर ठीक. दुसरं काही आलं तर एकतर वीज कमी पडली आहे किंवा चिप तापली आहे, आणि यातलं काय झालं ते त्याच उत्तरातून वाचता येतं.

पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. एक एसएसडी त्यात निभावते, दोन फिरत्या डिस्का निभावतीलच असं नाही. मोठ्या डिस्केला तिचा स्वतःचा अडॅप्टर हवा. उष्णतेचंही बघ. तुझ्या नागपुरात मे महिन्यात बंद कपाटाच्या आतली हवाच ४५ अंशांवर असते, आणि पाय ४ ऐंशी अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतो. धातूची पेटी किंवा चांगला हीटसिंक घे, आणि बोर्ड राउटरच्या डोक्यावर ठेवू नकोस.

४. कार्ड आधी तपास, मग लिही

बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं येतात. ६४ जीबी म्हणून विकलेलं कार्ड प्रत्यक्षात ८चं असू शकतं. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं आणि आठ भरले की फाइली सडतात. लिनक्सवर एफ३ नावाचा प्रोग्रॅम आहे. तो पूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतो. नवं कार्ड आणलं की इमेज लिहिण्याआधी हे कर. कार्डावर ए१ किंवा ए२ अशी खूण असलेलं घे. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं. प्रणाली चालवताना हाच आकडा कामाला येतो. फोटोसाठी मिरवला जाणारा वेग इथं फारसा उपयोगी नाही.

इमेज उतरवली की तिचा एसएचए२५६ बेरीज-अंक जुळवून पाहा. लिहिण्याआधी कार्ड न लावता एलएसबीएलके चालव, मग लावून पुन्हा चालव. जे नवं नाव दिसेल तेच कार्ड. डीडी ही आज्ञा काही विचारत नाही. चुकीचं नाव दिलंस तर लॅपटॉपची डिस्क पुसून जाते. सवय नसेल तर रास्पबेरी पाय इमेजर वापर, त्यात कमीपणा नाही. तो लिहून झाल्यावर परत वाचून पडताळतो, आणि वापरकर्ता, पासवर्ड, एसएसएच, वायफायचा देश हे सगळं आधीच भरून देतो. २०२२ पासून पायचा ठरलेला वापरकर्ता आणि पासवर्ड काढून टाकला आहे, त्यामुळं स्क्रीन नसलेल्या पायवर हे आधी भरलं नाही तर आत शिरायला वाटच राहत नाही.

५. सिरियल वायर पहिल्या दिवसापासून जवळ ठेव

माझा सगळ्यात मोठा मंत्र हा. यूएसबी ते सिरियल अडॅप्टर कार्डापेक्षाही स्वस्त मिळतो, आणि गप्प बोर्डाला बोलतं करतो. ३.३ व्होल्टचाच घे. ५ व्होल्टचा लावलास तर चिपची पिन जळू शकते. तीनच वायरी जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, अडॅप्टरचं टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. विजेची चौथी वायर मोकळी ठेव. पाय ४वर ग्राउंड सहाव्या पिनेवर, टीएक्स आठव्या आणि आरएक्स दहाव्या पिनेवर आहे, आणि कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी चालू करावं लागतं.

वेग जुळला पाहिजे. पाय आणि बहुतेक बोर्ड १,१५,२०० वर बोलतात. रॉकचिपचे बरेच बोर्ड १५,००,००० वर बोलतात आणि काही अडॅप्टरांना तो वेग झेपत नाही. विकत घेतानाच विचार. मिनिकॉम वापरलंस तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद कर. ते चालू राहिलं की बोर्डाचं बोलणं दिसतं, पण तुझी एकही कळ पलीकडं पोचत नाही.

एक जुनी गोष्ट इथं कामाला येते. २६ एप्रिल १९८५ ला इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पहिली एआरएम चिप चालू झाली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती घडवली होती. तिची वीज मोजायला गेल्यावर मीटर शून्य दाखवू लागला, कारण वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. सिग्नलच्या पिनांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. तुझ्या बोर्डावरही हे होऊ शकतं. सिरियल वायर जोडलेली असताना मुख्य वीज काढलीस तरी त्या वायरीतून थोडी वीज झिरपत राहते आणि काही बोर्ड पूर्ण बंद होत नाहीत, मग नीट सुरूही होत नाहीत. बोर्ड विचित्र वागला तर सिरियल वायरही काढ, थोडा वेळ थांब, मग वीज दे.

६. काय ऐकू आलं त्यावरून जागा ओळख

काहीच नाही आलं: वीज, टीएक्स-आरएक्सची अदलाबदल, नाहीतर बूटरॉमला लोडर सापडला नाही. इमेज नीट लिहिली गेली का पाहा.

कचरा अक्षरं आली: बोर्ड जिवंत आहे, वेग चुकला आहे.

एसपीएलची ओळ येऊन थांबलं: रॅम सुरू झाली नाही किंवा पुढचा तुकडा मिळाला नाही. इमेज दुसऱ्या बोर्डाची असण्याची शक्यता मोठी.

यू-बूट नेटवर्कवरून काहीतरी मागत बसलं: त्याला कार्डावर, डिस्केवर कुठंच कर्नल सापडला नाही, म्हणून तो शेवटचा पर्याय करून पाहतोय. एखादी कळ दाबून त्याला थांबव आणि कुठली साठवण त्याला दिसते ते विचार.

कर्नल सुरू करतोय असं म्हणून गप्प झालं: डिव्हाइस ट्री चुकली असेल, किंवा कर्नल चालतोय पण दुसऱ्याच सिरियल पोर्टवर बोलतोय. मेला म्हणून ठरवण्याआधी राउटरच्या यादीत तो दिसतो का पाहा. मग कर्नलला दिलेल्या ओळीतलं कन्सोलचं नाव तपास.

रूट माउंट करता येत नाही म्हणून पॅनिक झाला: कर्नल ठीक आहे, पत्ता चुकला आहे. पुढचा मंत्र वाच.

लॉगिन आलं पण एसएसएच लागत नाही: बूटची सगळी साखळी पार झाली. आता फक्त नेटवर्क पाहा, कार्डाला हात लावू नकोस.

सिरियल जवळ नसेल तर पायचा हिरवा दिवा मोज. चार वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाइल नाही, सात वेळा तर कर्नल नाही. आणि पहिल्यांदा सुरू होताना पार्टिशन वाढवणं, एसएसएचच्या किल्ल्या बनवणं ही कामं चालतात. तेव्हा धीर धर, वीज काढू नकोस.

७. डिस्केला नावानं नको, ओळखीनं हाक मार

एसडीए, एसडीबी ही नावं त्या दिवशी कोण आधी दिसलं त्यावर पडतात. कर्नलच्या ओळीत आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडी किंवा पार्ट-यूयूआयडी लिही. यूएसबीवरच्या रूटसाठी रूटवेट हा शब्द ठेव, म्हणजे डिस्क यायला वेळ लागला तरी कर्नल थांबेल. पायची सीएमडीलाइन फाइल एकाच ओळीत असली पाहिजे. एडिटरनं मध्येच ओळ तोडली तर पुढचं वाचलंच जात नाही.

कार्डाची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करून दोन्ही लावून ठेवलंस तर दोघांची ओळख एकच होते आणि कर्नल चुकीच्याला रूट धरू शकतो. नक्कल झाली की एकाची ओळख बदल, नाहीतर कार्ड काढून ठेव.

फोटोंच्या जोडडिस्केला एफएसटॅबमध्ये नोफेल लिहायला विसरू नकोस. ते नसेल आणि ती डिस्क एखाद्या दिवशी दिसली नाही, तर सिस्टमडी सर्वसाधारणपणे ९० सेकंद वाट पाहतं आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबतं. एसएसएच सुरूच होत नाही. एका डिस्केपायी अख्खा सर्व्हर बंद दाराआड अडकतो, आणि तू तेव्हा दुसऱ्या गावी असतोस.

८. रूट एसएसडीवर ने

कार्ड शिकण्यापुरतं बरं. रोजच्या लिहिण्यानं ते झिजतं. पाय ४ आणि ५ थेट यूएसबीवरून सुरू होतात. ईईप्रॉममधल्या बूट-ऑर्डरचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे: १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एफ४१ असेल तर आधी कार्ड, एफ१४ असेल तर आधी यूएसबी. मी एफ४१ ठेवायला सांगेन; कार्डाची खाच एरवी रिकामी ठेवायची आणि संकटात दुरुस्तीचं कार्ड घालून सुरू करायचं.

काही यूएसबी-साटा अडॅप्टरांचं यूएएस पद्धतीशी पटत नाही; डिस्क अडखळते, लॉगमध्ये रीसेटच्या ओळी येतात. वीज तपासून झाली असेल तर त्या अडॅप्टरपुरतं यूएएस कर्नलच्या ओळीतून बंद कर. कार्डावरच राहायचं असेल तर लॉग रॅममध्ये ठेव आणि पार्टिशनांना नोएटाइम लाव.

९. लाइट गेल्यावर काय होतं ते स्वतः पाहा

लाइट येते तेव्हा राउटर आणि सर्व्हर एकदम सुरू होतात, आणि सर्व्हर अनेकदा आधी तयार होतो. नेटवर्कची वाट न पाहणाऱ्या सेवा तेव्हा पडतात. त्यांना पुन्हा प्रयत्न करायला लाव.

घड्याळाकडंही लक्ष दे. पाय ४पर्यंतच्या पायांत आणि पुष्कळ स्वस्त बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. पाय ५मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. वेळ मागं पडली की प्रमाणपत्रं अजून वैध नाहीत म्हणून जोडण्या नाकारल्या जातात. त्याच बोर्डावर घरचा डीएनएस असेल आणि तो डीएनएसएसईसी तपासत असेल, तर गाठ बसते: वेळ कळायला नाव उलगडायला हवं आणि नाव उलगडायला वेळ बरोबर हवी. राउटर वेळ देत असेल तर त्याच्या आकडी पत्त्यावरून वेळ घे, नाहीतर घड्याळाचं छोटं मॉड्यूल लाव.

यूपीएस दे, पण त्याच्या भरवशावर परीक्षा टाळू नकोस. सगळं बसवून झाल्यावर बोर्ड नीट बंद कर, वीज काढ, काही वेळानं घराचा मेन स्विच चालू केल्यासारखी राउटरसकट सगळ्याला एकदम वीज दे, आणि कुठंही हात न लावता फोटो उघडतात का पाहा. उघडले तरच तो सर्व्हर. नाहीतर तो अजून टेबलावरचा प्रयोग आहे.

१०. दार बंद, नक्कल बाहेर, वही जवळ

एसएसएच किल्लीवर ठेव, पासवर्डनं येणं बंद कर. राउटरमध्ये त्याला कायमचा पत्ता राखून दे. बाहेरून यायला राउटरची पोर्टं उघडू नकोस, वायरगार्ड वापर. तो २०२०च्या ५.६ कर्नलपासून लिनक्सच्या आतच आहे. आपल्याकडं अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. तसं असेल तर भाड्यानं घेतलेला छोटा सर्व्हर मध्ये ठेवून वायरगार्डची जोडणी घरातून बाहेरच्या दिशेनं कर.

कर्नल अपडेट करताना जुना कर्नल काढू नकोस. यू-बूटच्या एक्स्टलिनक्स फाइलमध्ये त्याची दुसरी नोंद ठेव, म्हणजे सिरियलवरून तो निवडता येईल. गावाला जायच्या आदल्या रात्री अपडेट कधीच करायचं नाही. फोटोंची नक्कल दुसऱ्या डिस्केवर आणि एक दुसऱ्या घरी. आजीचा आवाज पुन्हा रेकॉर्ड होणार नाही, एवढं एक वाक्य बॅकअपसाठी पुरे आहे. आणि नक्कल परत उतरवून उघडून पाहिलीस तरच ती नक्कल धर.

एक कागदी वही ठेव. त्यात बोर्डाचं पूर्ण नाव, इमेजची आवृत्ती, सिरियलचा वेग आणि पिना, डिस्कांची ओळख, कर्नलची चालू ओळ जशीच्या तशी, आणि बदललेली प्रत्येक गोष्ट तारखेसह. एका वेळी एकच बदल, मग रीबूट, मग नोंद. बोर्ड उठतच नाही तेव्हा त्यावर साठवलेली माहिती वाचता येत नाही, म्हणून वही कागदाचीच हवी.

आता कामाला लाग. अडलास तर फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. पण त्याआधी सिरियलवरच्या शेवटच्या वीस ओळी समोर उघडून ठेव आणि त्या मला वाचून दाखव. "चालत नाही" एवढ्यावरून मला काही सांगता येणार नाही. त्या ओळींवरून आपण दोघं मिळून नेमकी पायरी शोधू, आणि बहुतेक वेळा वाचता वाचता ती तुलाच सापडेल.